हजेरी मंडळाची सहावी बाई

लिफ्टमावशींनी एकतीस वर्षं माणसांना वर नेलं आणि खाली आणलं, आणि राहायला मात्र त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की ऐकणाऱ्यांनी हसायचंही सोडून दिलं होतं.

आठ मजली सरकारी कचेरी होती ती. लिफ्टमधल्या लोखंडी स्टुलावर बसून त्या दिवसभर एकच शब्द बोलायच्या, "कितवा?" माणसं आत यायची, त्यांच्या पाठीमागे उभी राहून बदल्यांबद्दल, भांडणांबद्दल, सुनांबद्दल मोकळेपणाने बोलायची, स्टुलावर कोणी बसलेलंच नाही अशी. मावशींना पाच खात्यांची सगळी भानगड ठाऊक होती. त्यांची कोणाला काही ठाऊक नव्हती. त्यांचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवसांनी त्या कामावर आल्या, आणि सहाव्या मजल्यावरच्या एका कारकुनाने विचारलं, "काय मावशी, गावाला गेला होतात वाटतं?" मावशी म्हणाल्या, "हो." आणि सहाचं बटण दाबलं.

निवृत्तीनंतर पहिले चार महिने त्या सकाळी सात वाजता आवरून खुर्चीत बसायच्या. कुठे जायचं नसायचं, पण अंगाला सवय. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात. दोन खोल्यांत नवरा, सासू आणि जुळ्या मुली. ती दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. "कशी आहेस?" "मजेत." "गुडघा?" "आहे जागेवर." मग जुळ्या फोनसाठी भांडायच्या, सासूबाई मागून काहीतरी विचारायच्या आणि फोन संपायचा. मुलीत खोट नव्हती. पण सोमवारी काही झालं, तर ते कळायला रविवार उजाडणार, हा हिशेब मावशींनी कधीच केला होता आणि मनाच्या तळाशी ठेवून दिला होता.

त्यांना हजेरी मंडळात ओढलं ते नर्सबाईंनी. नर्सबाई म्हणजे निवृत्त परिचारिका, मावशींच्याच वयाच्या, समोरच्या गल्लीत भाऊ-भावजयीकडे राहणाऱ्या. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. एकदा दवाखान्याच्या रांगेत ओळख झाली आणि दुसऱ्या भेटीतच त्या म्हणाल्या, "अगं, सकाळी सातला आवरून बसतेस ना? मग बसल्या बसल्या चार लोकांना फोन कर. फुकट जातेय सकाळ."

मंडळाचं काम साधं होतं. वस्तीत एकट्या राहणाऱ्या त्रेचाळीस म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान फोन जायचा. बोलायचं नाही. तीन रिंग वाजल्या की कट करायचा. ती हाक. मग त्या माणसाने उलट तीन रिंग द्यायच्या. ती ओ. आठपर्यंत ओ आली नाही, तर हाक देणाऱ्याने मंडळाच्या खोलीत कळवायचं. तिथे प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांना त्रेचाळीस घरांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असायच्या, प्रत्येकीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. जवळचे दोघे किल्ली घेऊन निघायचे. कोणाकडून काही कळवणं आलं नाही, तर सगळे हजर आहेत असं धरायचं. नऊ वर्षांत दोनशेहून जास्त वेळा दारं उघडली होती. बहुतेक वेळा फोन उशीखाली, फ्रिजमध्ये किंवा कपाटातल्या कोटाच्या खिशात सापडायचा आणि म्हातारा वर चिडायचा, "काय हो, मेलो वाटलं का?" चौदा वेळा माणूस जमिनीवर सापडला होता. त्यातल्या अकराजणांना वेळेत दवाखान्यात नेता आलं.

मावशींच्या वाट्याला अकरा जण होते. त्यातल्या सात जणांचा त्यांनी आवाजही ऐकला नव्हता, पण ओ देण्याच्या तऱ्हेवरून त्या माणूस ओळखायच्या. घड्याळजी हाक संपताच, सेकंदही न दवडता. शिंपीणआजींच्या तीन रिंगच्या नेहमी पाच व्हायच्या, कारण कट करायचं बटण त्यांना सापडायचं नाही. मावशी वहीत प्रत्येकापुढे खूण करायच्या आणि अकरावी खूण झाली की खाली लिहायच्या, 'सर्व हजर'. तेवढी तीस मिनिटं दिवसाला धरून असायची.

त्या सोमवारी त्या सात वाजायला वीस मिनिटं असताना न्हाणीघरात पडल्या.

बादली उचलताना पाय सरकला, एवढंच. कंबर उंबऱ्यावर आपटली आणि उजवा पाय अंगाखाली दुमडला. प्रथम त्यांना दुखलंच नाही, आश्चर्य वाटलं. मग दुखायला लागलं. उठायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोन आतल्या खोलीत, खुर्चीशेजारच्या तिवईवर, वहीच्या वर ठेवलेला. सात वाजले असतील. सव्वासात. नळ थेंबथेंब गळत होता आणि मावशी आपल्या अकरा जणांच्या विचाराने कासावीस झाल्या होत्या. आज हाक गेली नाही. बिचारे घाबरतील. कोणीतरी खोलीवर फोन करील. कोणीतरी विचारील, आज बाईंना काय झालं?

मग आतून फोन वाजला. तीन रिंग. बंद.

घड्याळजी, त्यांनी लगेच ओळखलं. साडेसात वाजून गेले असणार. हाक आली नव्हती, पण ओ द्यायची वेळ झाली म्हणून त्यांनी ओ देऊन टाकली होती. थोड्या वेळाने पुन्हा तीन रिंग. मग पुन्हा. मग पाच, शिंपीणआजी. ओल्या फरशीवर गाल टेकवून मावशी मोजत होत्या. एकामागून एक सगळे सांगत होते, मी आहे, मी ठीक आहे. नऊ. दहा. मध्ये बराच वेळ गेला, आणि दुखणं विसरून मावशींनी अकराव्याची काळजी केली. मग अकराव्याचीही ओ आली.

त्यानंतर घर गप्प झालं.

सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. हाक का आली नाही, हे विचारणं कोणाच्याच कामात नव्हतं. मंडळाच्या खोलीत कोणाचं काही कळवणं गेलं नाही, म्हणजे मंडळाच्या लेखी आज त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हजर होते. कोणीही येणार नव्हतं. हे कळल्यावर मावशींना पहिल्यांदा थंडी वाजली.

पावणेदहाच्या सुमारास नळाच्या पाइपला धरून, गुडघ्यावर, मग दाराच्या कडीला धरून त्या उठल्या. खुर्चीपर्यंत पोचायला आणखी अर्धा तास. आधी ओले कपडे बदलायचे सोडून त्यांनी वही घेतली, अकरा खुणा केल्या आणि खाली लिहिलं, 'सर्व हजर'.

हाड मोडलं नव्हतं. नर्सबाईंना त्यांनी सांगितलं, जिन्यात पाय मुरगळला. "सरकारला अर्ज कर," नर्सबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल घरपोच एक लिफ्ट द्या म्हणावं." रविवारी मुलीला त्या म्हणाल्या, "मजेत." खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, इकडे ये. आणि तिथे झोपायला जागा कुठे होती? सासूबाईंच्या पलंगाखाली?

पण रोज न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय अडायला लागला. बादली अर्धीच भरायच्या, दार उघडंच ठेवायच्या. बघायला होतं कोण! आठवड्याने, गुरुवारी, त्यांनी कपाटातून घराची जादा किल्ली काढली, पर्समध्ये टाकली आणि मंडळाच्या बैठकीला निघाल्या. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. चव्वेचाळीस नंबर मला द्या. मीही एकटीच राहते.

मंडळाची खोली वाचनालयाच्या मागच्या अंगाला होती. मावशी आत शिरल्या तर आत नुसता कल्ला. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब मंडळाचे प्रमुख. ते हातात पत्र नाचवत होते. देशभरातल्या स्थानिक स्वयंसेवी मंडळांना दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान! नऊशे अर्जांतून निवडलेल्या साठांत हजेरी मंडळाचं नाव होतं. पंधरा दिवसांनी तपासायला माणूस येणार होता.

"बसा मावशी, बसा! आता नीट ऐका सगळे, अटी वाचतो," साहेब म्हणाले. त्यांना अटी वाचायला फार आवडायचं. "मंडळ किमान पाच वर्षं जुनं असावं. आहे. किमान सहा सक्रिय स्वयंसेवक असावेत." त्यांनी चष्म्यावरून मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच... आणि मावशी सहा. वाचलो! आणि पुढे असं म्हटलंय, की या सहांपैकी कोणीही मंडळाच्या सेवेचा लाभ घेणारा नसावा. लाभार्थी वेगळे, स्वयंसेवक वेगळे. एक माणूस एकाच रकान्यात."

"म्हणजे काय?" नर्सबाईंनी विचारलं.

"म्हणजे आपणच आपल्याला फोन करून आकडे फुगवायचे नाहीत."

सगळे हसले. मावशीही हसल्या. पूर्वी आठ जण होते. एक गृहस्थ मुलाकडे राहायला गेले, एक वारले. आता बरोबर सहा. इथेच घोडं पेंड खात होतं. किल्ली पर्समध्ये ज्या कप्प्यात होती, तिथेच राहिली.

वाटलं होतं पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. तपासायला आलेल्या बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, प्रत्येकाशी वेगळं बोलल्या. फळीवरच्या किल्ल्यांना त्यांनी हात लावून पाहिला, "बापरे, किती विश्वास!" असं म्हणाल्या. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काम का करता?"

"सकाळी लवकर जाग येते," मावशी म्हणाल्या.

बाई हसल्या. "आणि तुमच्या घरी कोण कोण असतं?"

समोर साहेब बसले होते, पेनाचं टोपण काढत-घालत. मावशी म्हणाल्या, "मुलगी आहे." खोटं नव्हतं ते. बाईंनी कागदावर लिहिलं, 'मुलीसोबत राहतात'. अक्षर सुवाच्य होतं. उलट्या बाजूनेही मावशींना वाचता आलं. चुकीचं आहे म्हणून सांगायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी पान उलटलं होतं.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मग कळलं, सन्मान मिळाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवलं. राजधानीत समारंभ, सहाही जणांना बोलावणं. पण सगळेच गेले तर सकाळची हाक कोण देणार?

"मी थांबते," मावशी म्हणाल्या. "गुडघा प्रवासाला तयार नाही."

"अगं, असं कसं? जन्मात एकदा येतो असा दिवस," नर्सबाई म्हणाल्या. पण दुसरं कोणी थांबायला तयार नव्हतं, आणि हे नर्सबाईंनाही दिसत होतं.

समारंभाच्या दिवशी मावशी पहाटेच मंडळाच्या खोलीत जाऊन बसल्या आणि एकटीने त्रेचाळीस हाका दिल्या. बोट दुखून आलं. एकूण एक ओ आली. दुपारी वाचनालयातल्या टीव्हीवर समारंभ दाखवला. मासिकं चाळणारे दोघे जण मान वर करून बघत होते. हजेरी मंडळाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट आलं. साहेबांचा कोट खांद्यात घट्ट झाला होता. नर्सबाई कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून पायऱ्या बघत होत्या. निवेदिका म्हणाली, "या सहा जणांनी त्रेचाळीस घरांना एकटेपणातून बाहेर काढलं आहे." पडद्यावर पाच जण उभे होते.

"तुमचंच का हो हे मंडळ?" मासिकवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"हो," मावशी म्हणाल्या.

"मग तुम्ही नाही गेलात?"

"इथे कोणीतरी लागतं ना," मावशी म्हणाल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरल्या.

घरी आल्यावर त्या हातपाय धुवायला गेल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. फार वेळ थांबल्या. पाऊल उचलत नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरातल्या मोरीतच त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

पुढच्या गुरुवारी सन्मानपत्र किल्ल्यांच्या फळीशेजारी, चौकटीत लागलं होतं. चहा झाला. साहेब प्रवासातल्या गमती सांगत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मावशींनी पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं. "नवीन नोंद?"

"माझी."

साहेबांना वाटलं गंमत आहे. "अहो मावशी, तुम्ही तर आपल्यातल्या!"

"हो. म्हणूनच मला कोणी फोन करत नाही."

हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. नर्सबाईंनी मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं, रुग्णाकडे पाहावं तसं. "कधी पडलीस?"

"झाले तीन महिने."

"तो जिन्यात मुरगळलेला पाय?"

"न्हाणीघरात."

"किती वेळ?"

"तीन तास."

"आणि मला जिन्याच्या गोष्टी सांगितल्यास? समोरच्या गल्लीत राहते मी, मेले होते का?" नर्सबाईंचा आवाज चढला. "भाऊ-वहिनींना उठवून आले असते! जन्मभर लोकांची हाडं बघितली, आणि तुझी लंगडी चाल मला कळू नये?"

मग मावशींनी त्या सकाळचं सगळं सांगितलं. तीन रिंग, तीन रिंग, मध्येच पाच. सांगताना त्यांना रडू आलं नाही. "अकराही जण हजर होते हो," त्या म्हणाल्या. "मीच तेवढी गैरहजर. पण ते लिहायला रकाना नव्हता."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. बँकेत चाळीस वर्षं काढल्यामुळे कागदाबाहेरची गोष्ट त्यांना उशिरा दिसायची, एवढंच. "असं करू," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्हाला हाक द्यायची. रोज. मी स्वतः देईन. फक्त कागदावर नको. तुमचं नाव स्वयंसेवकांतच राहू दे. सन्मान तीन वर्षांचा आहे, दरवर्षी यादी पाठवायची आहे. सहाचे पाच झाले तर..."

"आणि किल्ली?"

"किल्ली... खणात ठेवू माझ्या."

"तुम्ही परगावी गेलात, आजारी पडलात, तर त्या खणाची किल्ली कोणाकडे?"

साहेबांनी नुसताच खण ओढून पुन्हा लोटला.

"आणि त्या बाईंनी लिहून नेलंय, मी मुलीसोबत राहते म्हणून," मावशी म्हणाल्या. "ते मी त्याच दिवशी खोडायला हवं होतं. माझी चूक. मला फळीवर जागा द्या साहेब. नंबराची. उद्या मी पडले, तर ज्याला माझं नावही माहीत नाही, त्यालाही दार उघडता आलं पाहिजे."

"मग तुम्हाला हाक देता येणार नाही. सन्मान राखायचा तर अट पाळायलाच हवी. तुम्ही इकडे तरी, नाही तर तिकडे."

"माहीत आहे."

त्यांनी वही काढून किल्लीशेजारी ठेवली. अकरा नावांची, सात वर्षांची वही. कडा मऊ पडलेल्या. ती ठेवताना हात जरा रेंगाळला, तो फक्त नर्सबाईंना दिसला. नर्सबाईंनी वही आपल्याकडे ओढली.

"सहावा माणूस सहा महिन्यांत शोधू," त्या साहेबांना म्हणाल्या. "नाही मिळाला, तर तो कागद काढून परत पाठवू. भिंतीला भोक पडलंय, त्यात किल्लीचा आणखी एक खिळा ठोकता येईल." मग मावशींकडे वळून, "शिंपीणआजी पाच रिंग देतात म्हणालीस ना? आणखी काय काय लक्षात ठेवायचं, ते सांग. आणि हळू सांग, मी काही तुझ्यासारखी एकतीस वर्षं गप्प बसून ऐकत आलेली नाही."

मावशी सांगत गेल्या. सातव्या नंबरला डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोन उजवीकडे ठेवायला सांगावं लागतं. तिसऱ्या नंबरचा मुलगा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा ओ उशिरा येते. नर्सबाई लिहून घेत होत्या. साहेबांनी खणातून पत्र्याचा कोरा बिल्ला शोधला, त्यावर खिळ्याने चव्वेचाळीस कोरलं आणि फळीच्या शेवटच्या ओळीत किल्ली टांगली. टाळ्या वाजवाव्यात असं ते काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींना नेहमीसारखी पावणेसहाला जाग आली. बादली पूर्ण भरून, दार नुसतं लोटून त्यांनी अंघोळ केली. आज पाऊल अडलं नाही. भीती गेली होती असं नाही, पण भीतीला आता शेवट होता: फार तर नऊ वाजेपर्यंत. केस विंचरून त्या सातला खुर्चीत बसल्या. तिवईवर फोन होता, खाली वही नव्हती.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एक. दोन. तीन. बंद.

मावशींनी फोन उचलला, नर्सबाईंचा नंबर लावला, तीन रिंग मोजल्या आणि कट केला. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. तिकडे नर्सबाईंनी चव्वेचाळीसपुढे खूण केली असेल आणि त्या पुढच्या नंबराकडे वळल्या असतील. त्यांच्यापुढे अजून खूप जण होते.

मावशींनी फोन जागेवर ठेवला. सव्वासातही वाजले नव्हते. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पुढची हाक उद्या सकाळी होती.